दोन पुरुष, एक केबिन आणि तीन देशांचे कायदे : क्रूझला निघालेल्या गे जोडप्यानं काय बघून ठेवायचं?

नांदेडहून समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. लातूरचंही तेच. तरी गेल्या काही वर्षांत इथल्या ट्रॅव्हल्सच्या बोर्डांवर अष्टविनायक आणि चारधामच्या शेजारी 'क्रूझ' हा शब्द येऊन बसलाय. सिंगापूर-मलेशिया-थायलंड, सोबत तीन-चार रात्री जहाजावर. मुलाला पॅकेज चांगलं मिळालं की आईवडिलांना पाठवायचं, नाहीतर हनिमूनला जायचं, अशी ही ट्रिप.

सरकारही मागे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं आणि वर्षभरानं, सप्टेंबर २०२५ मध्ये, मुंबईच्या बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. आपल्याकडं 'क्रूझ' म्हणलं की बऱ्याच जणांना अजून २ ऑक्टोबर २०२१ ची ती एनसीबीची धाडच आठवते, आणि त्यातल्या आर्यन खानवर पुढं आरोपपत्रच दाखल झालं नाही हे आठवत नाही, तो भाग वेगळा.

या सगळ्या जाहिरातींमध्ये फोटो एकाच प्रकारचा असतो. नवरा, बायको, मागं मावळता सूर्य. आता त्या फोटोत दोन पुरुष ठेवून बघा.

समजा दोघं आहेत. एक नांदेडचा, एक लातूरचा. पुण्यात नोकरीला असताना ओळख झाली, पाच वर्षांपासून सोबत राहतात. दोन्ही घरी एकमेकांची ओळख 'रूम पार्टनर' अशी आहे. दोघांनी ठरवलंय की हैदराबादहून सिंगापूरला उडायचं (नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ), तिथून जहाज पकडायचं, पेनांग आणि फुकेत बघून परत सिंगापूर. अशा फेऱ्या सिंगापूरहून वर्षभर निघतात. दोघांनाही प्रश्न एकच पडलाय, जो ते ट्रॅव्हल एजंटला विचारू शकत नाहीत : आपण जोडपं म्हणून गेलो तर काही होईल का?

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं नाही. ते जहाज कुठल्या दिवशी कुठं उभं आहे, यावर आहे.

आधी काउंटरवरचं बघू

खोली मिळण्याच्या बाबतीत दोन पुरुषांचं आपल्याकडं बरं चालतं, हे मान्यच करावं लागेल. नांदेडच्या कुठल्याही लॉजवर दोन पुरुष एक खोली मागायला गेले तर मॅनेजर आधार कार्डाच्या झेरॉक्सपलीकडं काही विचारत नाही. यात्रेला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, सगळे असेच राहतात. अडचण येते ती लग्न न झालेल्या मुलामुलीला. जानेवारी २०२५ मध्ये ओयोनं मेरठमध्ये नियम बदलला आणि जोडप्याकडून नात्याचा पुरावा मागायला सुरुवात केली, त्यावर केवढे मीम झाले ते आठवत असेल. खरं तर लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी हॉटेलात एका खोलीत राहू नये असा कायदाच देशात नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय.

म्हणजे गे जोडप्याला खोली मिळते. अट एकच : गप्प राहायचं. 'मित्र' म्हणायचं. जहाजाच्या बुकिंगलाही हेच लागू आहे. केबिन दोन माणसांच्या हिशेबानं विकली जाते, त्या दोघांचं नातं काय हे कंपनीच्या दृष्टीनं गौण असतं. सिंगापूर, अमेरिका, युरोपातल्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजावर दोन पुरुषांनी एक केबिन घेणं ही रोजची गोष्ट आहे.

अडचण जहाजाच्या बाहेर सुरू होते.

एका आठवड्यात तीन कायदे

सिंगापूर. इथं २०२२ च्या अखेरपर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता. कलमाचा नंबर ३७७ए. ओळखीचा वाटला ना? इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्याला भारतीय दंड संहिता दिली आणि त्याच धर्तीचे कायदे आशिया-आफ्रिकेतल्या आपल्या बाकीच्या वसाहतींनाही दिले, म्हणून हा नंबर जागोजागी भेटतो. सिंगापूरच्या संसदेनं २९ नोव्हेंबर २०२२ ला ते कलम काढलं. त्याच बैठकीत राज्यघटनेत दुरुस्ती करून लग्नाची स्त्री-पुरुष ही व्याख्या कोर्टात उलटू नये अशी तजवीजही केली. गुन्हा नाही, पण लग्नही नाही. आपल्यासारखंच.

आपल्याकडं ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ती मुख्य याचिका करणारं जोडपं हैदराबादचं होतं, सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

पेनांग. दोन दिवसांनी जहाज इथं लागतं आणि कायदा एकदम मागं जातो. मलेशियाच्या दंड संहितेत ३७७ए आणि ३७७बी अजून आहेत, शिक्षा २० वर्षांपर्यंत कैद आणि वर फटके. मुस्लिम व्यक्तींना राज्यांचे शरिया कायदे वेगळे लागतात. नांदेड-लातूरमधून जाणारा प्रवासी मुस्लिम असेल तर त्यानं हे ध्यानात ठेवलेलं बरं, त्याच्यासाठी धोका दुहेरी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्वालालंपूरमधल्या एका हॅलोविन पार्टीवर पोलिसांसोबत धार्मिक खात्याचे अधिकारी आले होते आणि त्यांनी मुस्लिम तरुणांना ताब्यात घेतलं होतं. २०२३ मध्ये तर तिथल्या सरकारनं इंद्रधनुषी रंगाची स्वॉच घड्याळं दुकानांतून जप्त केली आणि पुढं अशी घड्याळं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये एका ब्रिटिश बँडच्या गायकानं स्टेजवर आपल्याच बँडमधल्या पुरुषाचं चुंबन घेतलं म्हणून अख्खा महोत्सव दुसऱ्या दिवशी बंद झाला.

याचा अर्थ पेनांगच्या बाजारात दोन पुरुष सोबत फिरताना दिसले की पोलीस पकडतात, असा अजिबात नाही. तिथं दिवसाला कितीतरी पर्यटक मित्र-मित्र फिरत असतात. पोलिसांशी संबंध येतो तो तीन ठिकाणी : लोकांसमोर जवळीक, धाड पडू शकेल अशी पार्टी, आणि अ‍ॅपवरून अनोळखी माणसाला भेटायला जाणं. तिन्ही टाळता येतात. सहा तासांचा मुक्काम असतो, जॉर्ज टाउन बघा, खा-प्या, जहाजावर परत या. मनगटावरचा इंद्रधनुषी बँड केबिनमध्ये ठेवून उतरा. यात कमीपणा वाटत असेल तर तो वाटणं बरोबर आहे. तरी ठेवा.

फुकेत. आणखी एक रात्र, आणि जहाज अशा देशात पोचतं जिथं हेच दोघं रीतसर लग्न करू शकतात. थायलंडचा विवाह समानतेचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. आग्नेय आशियात असं करणारा हा पहिला देश. इथं हातात हात घालून चाललात तर कुणी वळूनही बघणार नाही.

म्हणजे त्याच दोन माणसांचं तेच नातं. सोमवारी चालतं, बुधवारी २० वर्षांची कैद, गुरुवारी लग्नाचं सर्टिफिकेट. जहाजाच्या ब्रोशरमध्ये बंदरांचे फोटो असतात, हे नसतं. एजंटही सांगत नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाच माहीत नसतं.

'पण आपण तर जहाजावर असू'

हा सगळ्यात मोठा गैरसमज. खोल समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो जहाज ज्या देशात नोंदवलंय त्याचा. भारतात नोंदणी झालेलं जहाज असेल तर जगात कुठंही असलं तरी भारतीय न्याय संहिता लागू. पण जहाज बंदरात शिरलं की तिथल्या देशाचे पोलीस त्यावर चढू शकतात.

मार्च २०१२ ची गोष्ट बघा. कॅरिबियनमध्ये 'सेलिब्रिटी समिट' नावाचं जहाज एका गे ट्रॅव्हल कंपनीनं पूर्ण भाड्यानं घेतलं होतं. जहाज डॉमिनिका या छोट्या देशाच्या धक्क्याला लागलेलं असताना दोन अमेरिकन पुरुष बाल्कनीत उघडे दिसले म्हणून पोलिसांनी त्यांना जहाजावरून उतरवून अटक केली. रात्र कोठडीत काढली, अश्लील वर्तनाचा गुन्हा कबूल करून दंड भरला आणि सुटले. जहाज तोवर पुढं निघून गेलं होतं. डॉमिनिकात समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा होता, तिथल्या उच्च न्यायालयानं तो एप्रिल २०२४ मध्ये रद्द केला.

कधी कधी तर उतरूच देत नाहीत. १९९८ च्या सुरुवातीला केमन बेटांनी सुमारे ९०० गे प्रवासी असलेल्या एका नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजाला बंदरात यायला मनाई केली. कारण काय, तर हे लोक आमच्या इथं 'योग्य वर्तन' करतील याची खात्री नाही. केमन हा ब्रिटनच्या ताब्यातला भाग. पुढं दोनेक वर्षांत लंडननंच तिथला तो कायदा काढून टाकला. सप्टेंबर २००० मध्ये तुर्कस्तानच्या कुशादासी बंदरातही अशाच प्रवाशांना परत पाठवलं होतं.

एक गंमत लक्षात घ्या. अडवली गेली ती जहाजं संपूर्ण गे प्रवाशांची होती, म्हणजे ज्यांची जाहिरात आधीच झाली होती. साध्या जहाजातून, कुटुंबांच्या गर्दीतून जे गे जोडपं उतरलं त्यांच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. उलट त्या भाड्याच्या जहाजांवर माणूस आठ दिवस मोकळा श्वास घेतो, जे दुसरीकडं मिळत नाही. ऑलिव्हिया नावाची कंपनी १९९० पासून खास स्त्रियांसाठी अशा फेऱ्या काढते, अटलांटिस पुरुषांसाठी. पण या फेऱ्या प्रामुख्यानं अमेरिका-युरोपच्या बाजूच्या आणि खिशाला जड. आपल्या दोघांसाठी साधं जहाजच बरं.

साध्या जहाजावरही आपली माणसं शोधायची एक जुनी खूण आहे. जहाजावर रोजचा कार्यक्रम छापून येतो किंवा अ‍ॅपवर दिसतो. त्यात बरीच वर्षं 'फ्रेंड्स ऑफ डोरोथी' अशी एक ओळ असायची. कुणा डोरोथीबाईंचा तो वाढदिवस नसायचा. अमेरिकेतल्या गे मंडळींची एकमेकांना ओळखण्याची ती जुनी खूण होती, 'विझर्ड ऑफ ओझ' मधल्या डोरोथीवरून आलेली. आता बऱ्याच जहाजांवर सरळ 'एलजीबीटीक्यू मीटअप' असं लिहितात. संध्याकाळी एखाद्या बारमध्ये तासभर गप्पा, एवढंच असतं.

बंदरापेक्षा आपलेच लोक

मलेशियाच्या पोलिसांपेक्षा आपल्या दोघांना जास्त भीती कशाची असेल? मला विचाराल तर ग्रुप टूरमधल्या काकूंची.

मराठी ग्रुप टूर हा प्रकार ज्यानं अनुभवलाय त्याला सांगायला नको. पहिल्या दिवशी एअरपोर्टवर ओळखपरेड. "तुम्ही कुठले? नांदेडचे? आमचे व्याही तिथलेच की!" दुसऱ्या दिवशी नाश्त्याला "लग्न झालं का?" आणि तिसऱ्या दिवशी "आमच्या भाचीसाठी बघतोय." टूर मॅनेजर ग्रुपचे फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, मग ते कंपनीच्या फेसबुक पानावर जातात. तिथून लातूरच्या गंजगोलाईत पोचायला किती वेळ लागतो?

जहाजाचे स्वतःचे फोटोग्राफरही असतात. चढताना, जेवताना, नाचताना फोटो काढतात आणि विकण्यासाठी गॅलरीत लावतात. काही जहाजांवर आता ते स्क्रीनवर फक्त तुम्हालाच दिसतात, काहींवर अजून भिंतीवर. फोटो नको असेल तर तिथल्या तिथं हात हलवून नको म्हणायचं, कुणी वाईट मानत नाही.

ज्यांनी घरी सांगितलेलं नाही त्यांनी ग्रुप टूरपेक्षा स्वतः बुकिंग करावं, हे माझं मत. थोडं महाग पडेल, व्हिसाची कागदपत्रं स्वतः जमवावी लागतील, पण आठ दिवस नाटक करावं लागणार नाही. जहाज मोठं असतं, हजारो माणसं असतात, तिथं कुणी कुणाच्या भाचीसाठी बघत नाही. आणि इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकायचीच असेल तर घरी परतल्यावर टाका, 'क्लोज फ्रेंड्स' ची यादी एकदा नीट तपासून. चुलतभाऊ कधी त्या यादीत आला हे आपल्याला आठवत नसतं.

दोन मैत्रिणी असतील तर गणित आणखी वेगळं होतं. खोलीचा प्रश्न येत नाही, पण "दोघीच? सोबत कोण?" हा प्रश्न घरातूनच येतो. नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी २०२१ च्या अखेरीस घरच्यांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या आणि लग्न गोव्यात करायचं जाहीर केलं. यवतमाळमध्ये तर ३७७ अजून लागू असताना, डिसेंबर २०१७ च्या अखेरीस, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तिथल्या एका तरुणानं आपल्या जोडीदारासोबत हॉटेलात सोहळा केला होता, पाहुणे बोलावून. त्यामुळं 'आपल्याकडं असलं काही नसतं' हे म्हणणं खरं नाही. मात्र ही उदाहरणं शिक्षण, पैसा आणि परदेशातली नोकरी हाताशी असणाऱ्यांची आहेत, हेही तितकंच खरं.

खरी परीक्षा दवाखान्यात

आता त्या प्रसंगाकडं येऊ ज्याचा विचार ट्रिप ठरवताना कुणी करत नाही.

पेनांगला उतरले. दुपारी लातूरच्या गड्याच्या छातीत दुखायला लागलं. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठं काही असेल तर पेशंटला किनाऱ्यावरच्या दवाखान्यात हलवतात आणि जहाज वेळेवर निघून जातं. ते थांबत नाही. नांदेडचा गडी सोबत उतरला, दोन बॅगा आणि दोन पासपोर्ट घेऊन. दवाखान्याच्या काउंटरवर पहिला प्रश्न : पेशंटचे तुम्ही कोण?

'पार्टनर' म्हणावं तर देश मलेशिया. 'मित्र' म्हणावं तर मित्राला सही करता येईल का, डॉक्टर त्याला सगळं सांगतील का, हे त्या दवाखान्यावर अवलंबून. तिकडं लातूरला फोन गेला की वडील विचारणार, हा कोण आणि तुम्ही तिथं काय करताय?

नवराबायको असते तर यातला एकही प्रश्न आला नसता. लग्नाला मान्यता नसल्याचा फटका बसतो तो असा. अटक होण्याची शक्यता फार कमी, पण आजारपण, हरवलेलं सामान, विम्याचा दावा या गोष्टी कुणाच्याही वाट्याला येतात, आणि तिथं प्रत्येक फॉर्मवर 'नातं' असा एक रकाना असतो.

म्हणून निघण्याआधी काही कागद तयार ठेवायचे. एक अधिकारपत्र, दोघांनी एकमेकांना दिलेलं : मला काही झालं तर माझ्या उपचारांची माहिती याला द्यावी आणि निर्णयात याला सहभागी करावं. इंग्रजीत, नोटरी केलेलं. त्यात नात्याचं नाव लिहायची गरज नाही, नाव आणि पासपोर्ट नंबर पुरे. प्रत्येक देशातला दवाखाना ते मानेलच असं नाही, पण काउंटरवर रिकाम्या हातानं उभं राहण्यापेक्षा ते कधीही चांगलं. जहाजाच्या चेक-इनमध्ये आपत्कालीन संपर्क विचारतात, तिथं किनाऱ्यावरच्या अशा माणसाचं नाव द्या ज्याला तुमच्याबद्दल माहीत आहे. दोघांनी एकमेकांचं नाव देऊन उपयोग नाही, दोघंही त्याच जहाजावर असणार. बहीण असेल, पुण्यातली मैत्रीण असेल. लातूरला फोन कधी आणि कसा करायचा हे मग ती ठरवेल.

प्रवास विमा दोघांनी वेगवेगळा घ्यायचा. 'फॅमिली' पॉलिसीत जोडीदार म्हणजे कायदेशीर नवरा किंवा बायको. वारसदार म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून, एकमेकांचं नाव देता येईल का हे कंपनीला ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या 'हो सर, होऊन जाईल' ला अर्थ नसतो. आयुर्विम्यात एक बारीक गोम आहे : आईवडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसा कायद्यानं त्यांचाच होतो. दुसरा कुणी नॉमिनी असेल तर तो पैसा हातात घेतो, पण कायदेशीर वारस त्यावर हक्क सांगू शकतात. मृत्युपत्र यासाठी करायचं. ऐकायला जड वाटतं, पण साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीनं मृत्युपत्र होतं, नोंदणी सक्तीची नाही. मुस्लिम व्यक्तींना मात्र वारशाचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वकिलाला विचारूनच करावं.

बँकेचं थोडं सोपं झालंय. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की एलजीबीटीक्यू व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. त्याच सुमारास रेशन कार्डासाठी जोडीदाराला एकाच घरातला मानावं असंही केंद्रानं राज्यांना कळवलं. तुमच्या शाखेतल्या साहेबांना हे माहीत नसेल तर परिपत्रकाची प्रिंट सोबत न्या.

आणि एक मजेशीर वाटणारी पण महाग पडू शकणारी गोष्ट. क्रूझचे पैसे दोघांपैकी एकच भरतोय आणि दुसऱ्याच्या खात्यावर रक्कम पाठवतोय? नवऱ्यानं बायकोला कितीही पैसे भेट दिले तरी त्या भेटीवर तिला कर लागत नाही, कारण ते 'नातेवाईक'. आपल्या दोघांत वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर भेट गेली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. याच तरतुदीला मुंबईतल्या एका समलिंगी जोडप्यानं आव्हान दिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यावर नोटीस काढली. तोवर सोपा उपाय : आपापल्या तिकिटाचे पैसे आपापल्या कार्डावरून भरा.

मग जहाजावरच लग्न केलं तर?

हा प्रश्न येतोच, म्हणून पटकन. खोल समुद्रात कायदा जहाजाच्या नोंदणीच्या देशाचा, त्यामुळं कुठल्या झेंड्याखाली जहाज चालतं त्यावर लग्न ठरतं. माल्टानं २०१७ मध्ये समलिंगी विवाह मान्य केला. सेलिब्रिटी कंपनीची बहुतेक जहाजं माल्टात नोंदलेली, त्यामुळं जानेवारी २०१८ मध्ये तिच्या एका जहाजावर कॅप्टननं दोन पुरुषांचं कायदेशीर लग्न लावलं. बर्म्युडात नोंदलेल्या जहाजांचं मात्र उलटसुलट झालं : तिथं २०१७ मध्ये कोर्टानं परवानगी दिली, २०१८ मध्ये सरकारनं काढून घेतली, आणि मार्च २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं सरकारच्या बाजूनं निकाल दिला.

भारतात या सर्टिफिकेटला आज कायदेशीर किंमत नाही. बाहेर स्थायिक व्हायचं असेल तर त्या देशात उपयोग होईल. नांदेडला परत यायचं असेल तर ते फ्रेम करून लावायचं, तेही आतल्या खोलीत.

पेनांग नको असेल तर

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मुंबई-गोवा फेरी करून बघावी. पासपोर्ट लागत नाही, कायदा सगळीकडं आपलाच, आणि दोन-तीन रात्रींत जहाज आपल्याला मानवतं का हे कळतं. (पोटात ढवळणाऱ्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ नये.) चेन्नईहून श्रीलंकेला जाणाऱ्या फेऱ्या जवळच्या वाटतात, पण श्रीलंकेच्या दंड संहितेत ३६५ए हे तसलंच इंग्रजी काळातलं कलम अजून आहे. हिवाळ्यात दुबईहून निघणाऱ्या आखाती फेऱ्या स्वस्त दिसतात, तिथले कायदे मलेशियाइतकेच कडक. मालदीवही त्याच यादीत. फक्त थायलंड बघायचं असेल तर क्रूझचा हट्ट सोडून सरळ विमानानं फुकेत गाठलेलं परवडतं.

बाहेरच्या बंदरांत अ‍ॅपवरून भेटीगाठी टाळा, हे वर आलंच. आपल्या शहरातही अ‍ॅपवर ओळख काढून, भेटायला बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. असं झालं तर पैसे देऊन प्रकरण मिटत नाही, वाढतं. गे असणं गुन्हा राहिलेला नाही, खंडणी मागणं हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, आणि तक्रार देताना घाबरायचं कारण समोरच्याला आहे. एकट्यानं ठाण्यात जायची हिंमत होत नसेल तर मुंबईच्या हमसफर ट्रस्टशी आधी बोलता येतं.

राहिला प्रश्न बुकिंग फॉर्मवरचा, ज्यावर आपल्या दोघांची गाडी बहुतेक तिथंच अडेल : बेड 'डबल' की 'ट्विन'? एजंट ओळखीचा असेल, त्याचं दुकान घराच्या रस्त्यावर असेल, तर खुशाल 'ट्विन' लिहा. बहुतेक जहाजांवर ते दोन सुटे बेडच असतात, जोडले की डबल होतात. केबिन सांभाळणाऱ्या स्टुअर्डला पहिल्या दिवशी सांगितलं की तुम्ही जेवून येईपर्यंत तो जोडून ठेवतो. तो रोज असे कितीतरी जोडतो आणि सुटे करतो, कारण विचारत नाही.